पीएचडीसोबत संख्याशास्त्राची ट्यूटोरियल्स घेते आहे: तपासणीसाठी दिलेलं आदर्श उत्तरच चुकीचं असेल तर काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी पर्यावरणशास्त्रात पीएचडी करते आहे आणि सोबत विद्यापीठात पदवीच्या मुलांना संख्याशास्त्राची ट्यूटोरियल्स घेते. मुलं संख्याशास्त्राची नाहीत. जीवशास्त्र, मानसशास्त्र, नर्सिंग अशा विषयांची आहेत आणि हा पेपर त्यांना सक्तीचा आहे. लेक्चर विषयाचे मुख्य प्राध्यापक घेतात. आम्ही काही ट्यूटर लहान गटांकडून उदाहरणं सोडवून घेतो, सॉफ्टवेअर दाखवतो, असाइनमेंट तपासतो. दोन बाबतींत सल्ला हवा आहे. पहिली जास्त गंभीर आहे, म्हणून आधी तीच लिहिते.

या सत्राच्या असाइनमेंटमध्ये एक प्रश्न आहे: दोन गटांची तुलना केल्यावर पी-व्हॅल्यू ०.०३ आली, तिचा अर्थ एका वाक्यात सांगा. तपासणीसाठी आम्हाला मिळालेलं आदर्श उत्तर असं: 'शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के आहे.' (शून्य परिकल्पना म्हणजे गटांमध्ये खरोखर काहीच फरक नाही हे गृहीतक.) लेक्चरमध्येही हेच वाक्य सांगितलं जातं, त्यामुळे मुलांच्या वह्यांत तेच आहे.

हे बरोबर नाही. पी-व्हॅल्यूचा हिशेब सुरूच होतो तो शून्य परिकल्पना खरी धरून. गटांमध्ये खरोखर काहीच फरक नसता आणि बाकीची गृहीतकंही लागू असती, तर आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगते. जी गोष्ट खरी धरून हिशेब मांडला, तिच्याच खरेपणाची शक्यता त्या हिशेबातून कशी निघेल? अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूबद्दल निवेदन काढलं, त्यातल्या सहा तत्त्वांपैकी एक नेमकं याच गैरसमजाबद्दल आहे.

पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी एवढा कीस कशाला काढायचा, असं मला एका सहकारी ट्यूटरने विचारलं. मला ते पटत नाही. समजा एखाद्या क्षेत्रात १००० कल्पना तपासल्या आणि त्यांतल्या १०० मध्येच खरोखर तथ्य आहे. चाचणीची पॉवर, म्हणजे खरं तथ्य असेल तर ते पकडण्याची शक्यता, ८० टक्के असेल तर त्या १०० पैकी ८० सापडतील. उरलेल्या ९०० मध्ये काहीच नाही, पण ०.०५ ची पातळी ठेवल्यामुळे (पी-व्हॅल्यू त्याहून कमी आली की निष्कर्ष 'सार्थक' मानायचा) त्यांतल्याही ४५ 'सार्थक' दिसतील. म्हणजे हाती आलेल्या १२५ सार्थक निष्कर्षांपैकी ४५ पोकळ, ३६ टक्के! आदर्श उत्तर पाठ केलेला विद्यार्थी मात्र असंच समजून चालेल की चूक असण्याची शक्यता फार तर ५ टक्के. हीच मुलं उद्या वॉर्डात काम करणार आहेत, उपचारांबद्दलचे शोधनिबंध वाचणार आहेत. त्यांनी या पेपरातून एकच गोष्ट सोबत न्यायची असेल तर ती हीच असावी, असं मला मनापासून वाटतं.

आता अडचण. मी माझ्या गटाला बरोबर अर्थ शिकवला, त्यांनी तो लिहिला आणि पेपर दुसऱ्या ट्यूटरकडे तपासायला गेला, तर आदर्श उत्तराप्रमाणे त्यांचे गुण जातील. चुकीचं वाक्य शिकवणं मला जमणार नाही. 'दोन्ही लक्षात ठेवा, परीक्षेत सरांचं लिहा' असं सांगितलं तर मुलं परीक्षेचं तेवढं ठेवतील आणि दुसरं विसरतील. सरांना थेट सांगावं तर ते खूप ज्येष्ठ आहेत, आणि माझं काम दर सत्राला नव्याने मंजूर होतं. ते माणूस म्हणून चांगले आहेत, मुलांसाठी झटतात. त्यांचा अपमान होईल असं मला काहीही करायचं नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. वर्गातल्या तासांचे पैसे मिळतात आणि तयारीसाठी ठरावीक वेळ धरलेला असतो. प्रत्यक्षात तयारी त्याच्या कितीतरी पुढे जाते. त्यात मुलं स्वतःच्या प्रोजेक्टचा डेटा पाठवून विचारतात, 'मॅडम, कोणती टेस्ट लावू?' या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर नसतं. एकीने दहा रोपं घेतली, प्रत्येक रोपाची पाच पानं मोजली आणि नमुना पन्नासचा धरला. खत रोपाला घातलेलं, पानाला नाही. एकाच रोपाची पानं एकमेकांसारखी असणारच. तिला टेस्टचं नाव सांगून उपयोग नव्हता, प्रयोगाच्या आखणीपासून बोलावं लागलं. असं बोलणं मला आवडतं, आणि त्याचा माझ्या थिसिसलाही फायदा होतो. पण थिसिसचा एक भाग रखडलाय आणि गाइडनी तसं बोलूनही दाखवलंय.

ज्यांनी हे दोन्ही एकत्र केलंय त्यांनी कृपया सांगा: आदर्श उत्तराचा विषय सरांकडे कसा काढावा, तोवर वर्गात काय शिकवावं, आणि मुलांच्या शंकांना कुंपण कसं घालावं?

प्रतिसाद

मी पीएचडीच्या काळात बरीच वर्षं ट्यूटोरियल्स घेतली, आता असाच पेपर स्वतः शिकवतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहितो.

सरांशी बोलायला तुम्ही घाबरता आहात त्यापेक्षा हे सोपं जाईल, एक पथ्य पाळलंत तर. 'हे चूक आहे' असं न म्हणता तपासणीतली अडचण म्हणून न्या. अडचण खरीच आहे: काही मुलं पाठ्यपुस्तकातली व्याख्या लिहिणार, काही वहीतली, आणि दोघांना गुण कसे द्यायचे हे सगळ्या ट्यूटरांसाठी एकसारखं ठरायला हवं. सोबत पर्यायी वाक्य तयार करूनच द्या. माझ्याकडे ट्यूटर जेव्हा नुसती तक्रार घेऊन येतात तेव्हा मला ती सोडवायला संध्याकाळ शोधावी लागते. तयार वाक्य घेऊन येतात तेव्हा मी तिथल्या तिथे हो म्हणतो. २०१६ चं निवेदन जोडा, पण पुरावा म्हणून पुढे करू नका, शेवटी एका ओळीत उल्लेख पुरे. आणि बहुतेक वेळा असं वाक्य कोणी विचार करून लिहिलेलं नसतं. जुन्या प्रश्नपत्रिकेतून पुढच्या प्रश्नपत्रिकेत आलेलं असतं.

वर्गासाठी एक प्रयोग सांगतो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्ये प्रयोगांच्या आखणीवरच्या पुस्तकात चहाचं उदाहरण दिलंय: कपात आधी दूध घातलं की चहा, हे चवीवरून ओळखता येतं असं एक बाई म्हणतात. त्यांना आठ कप द्यायचे, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार, म्हणून नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त एक, साधारण ०.०१४. एक चूक चालवून घेतली, म्हणजे चारांपैकी निदान तीन बरोबर, तर ती एकदम १७/७० होते, ०.२४. मुलं इथेच चमकतात, कारण 'चारांत तीन' हे त्यांना भारी वाटत असतं.

वर्गात चहा नको, पत्ते न्या. चार लाल, चार काळे, पालथे. प्रत्येकाने कागदावर लिहायचं की कोणते चार लाल. मग पत्ते उघडा. ३५ मुलांनी आपापला अंदाज लिहिला तर निदान एकाचे सगळे बरोबर येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के आहे. दोन फेऱ्या घेतल्या तर बहुधा कोणीतरी सापडतंच. त्या मुलाला उभं करा आणि वर्गाला विचारा: याची पी-व्हॅल्यू ०.०१४. मग याला पालथे पत्ते दिसत नाहीत याची शक्यता फक्त १.४ टक्के आहे का? सगळे हसतात आणि नाही म्हणतात. विचारा, का नाही? उत्तर त्यांच्याच तोंडून येतं: पत्ते कोणालाच दिसत नाहीत हे आम्हाला आधीपासून ठाऊक आहे, आणि शिवाय इतक्या जणांनी प्रयत्न केला. एक, आधीच्या माहितीशिवाय परिकल्पनेची शक्यता सांगता येत नाही. दोन, खूप चाचण्या केल्या की एखादी लागतेच. तुम्ही दिलेलं १००० कल्पनांचं उदाहरण उत्तम आहे, पण ते यानंतर फळ्यावर मांडा. आधी मांडलंत तर टक्केवारीत मुलं हरवतात.

यात सरांच्या वाक्याचं नाव काढायची गरजच पडत नाही. मुलं स्वतः येऊन विचारतील की मग वहीतल्या वाक्याचं काय. तेव्हा सांगा की उत्तर कसं तपासायचं ते आम्ही सरांशी बोलून ठरवतो आहोत.

दुसरा प्रतिसाद

वेळेबद्दल. मीही पीएचडी करते आहे, विषय वेगळा.

तयारीची मर्यादा मी आठवड्याच्या सुरुवातीलाच घड्याळावर ठरवते आणि ती सकाळी कधीच ठेवत नाही. सकाळ थिसिसची. तयारी दुपारनंतर, वर्गाच्या आदल्या दिवशी. वेळ कमी असला की आपोआप कळतं काय सोडायचं. माझी बरीच तयारी सुंदर स्लाइड करण्यात जात होती, आणि मुलांना फळ्यावरच जास्त कळतं.

प्रोजेक्टच्या शंकांना ईमेलवर उत्तर देणं मी पूर्ण बंद केलं. त्याऐवजी एक कागद देते आणि तो भरल्याशिवाय बोलायला बसत नाही. त्यात इतकंच: तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. काय मोजलं, कशात मोजलं? उपचार किंवा बदल कशावर केला, आणि तो स्वतंत्रपणे किती वेळा केला? एकाच व्यक्तीची, रोपाची, वर्गाची मापं पुन्हा पुन्हा आहेत का? डेटाचा एक आलेख काढून आणा. तुमच्या रोपांच्या मुलीला तिसऱ्या प्रश्नावर स्वतःच कळलं असतं की नमुना दहाचा आहे. निम्म्या मुलांची शंका कागद भरतानाच सुटते. उरलेल्यांशी बोलायला मजा येते.

अजून एक. तपासणीच्या आठवड्यांत थिसिसचं लिखाण होत नाही हे गाइडना सत्राच्या सुरुवातीलाच तारखांसकट सांगून ठेवा. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

तिसरा प्रतिसाद

पहिल्या प्रतिसादाशी सहमत, एक भर. मुलांनी वहीतलं वाक्य लिहिलं असेल तर त्यांचे गुण कापू नका, तुमच्या हातात असेल तेवढं तरी. शिकवलं तेच त्यांनी लिहिलंय. लाल पेनने बरोबर अर्थ बाजूला लिहा, गुण पूर्ण द्या. आणि हाच तोडगा सरांनाही सुचवा, त्यांना हो म्हणायला सोपं जाईल.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्त्यांचा प्रयोग याच आठवड्यात घेणार आहे. कागदाचे प्रश्नही जसेच्या तसे उचलते, फक्त 'नियंत्रण गट आहे का' हा एक वाढवते.

सरांसाठी ईमेलचा मसुदा केला आहे:

'सर, असाइनमेंटच्या पी-व्हॅल्यूच्या प्रश्नाला काही मुलं पाठ्यपुस्तकातली व्याख्या लिहितील असं दिसतंय आणि ती दिलेल्या आदर्श उत्तराशी जुळत नाही. सगळ्या गटांची तपासणी एकसारखी व्हावी म्हणून पुढील वाक्यही पूर्ण गुणांसाठी ग्राह्य धरावं का? "शून्य परिकल्पना खरी असती तर दिसला एवढा किंवा त्याहून मोठा फरक मिळण्याची शक्यता ३ टक्के आहे." दोन्ही प्रकारच्या उत्तरांना यंदा पूर्ण गुण द्यावेत आणि पुढच्या सत्रापासून हे वाक्य आदर्श उत्तरात घ्यावं असं मला वाटतं. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनचं २०१६ चं निवेदन सोबत जोडलं आहे. आपल्याला सोयीचं असेल तेव्हा भेटून बोलता येईल.'

बाकीच्या ट्यूटरना यात जोडू की फक्त सरांना पाठवू?

पहिला प्रतिसादकर्ता

फक्त सरांना. सगळ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाला माणूस आधी बचाव करतो. त्यांचं उत्तर आलं की त्यांनाच विनंती करा, ट्यूटरना त्यांच्याच नावाने कळवू देत. मसुदा छान आहे. 'असं मला वाटतं' च्या जागी 'चालेल का' करा आणि पाठवून द्या. तपासणी सुरू होण्याआधी जायला हवं, नंतर गुण बदलणं सगळ्यांनाच जड जातं.