रोजच्या वस्तू आणि खाणी: ‘खाणच नको’ म्हणता येईल का?

गारगोटी (धागाकर्ता)

खाणीविरुद्ध कुठेही आंदोलन झालं की ‘पृथ्वी ओरबाडणं थांबवा’ ही घोषणा हमखास ऐकू येते. ती देणारी माणसं प्रामाणिक असतात, म्हणूनच त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो.

सकाळी तोंडात जाणारी टूथपेस्टच घ्या. दात घासणारी बारीक भुकटी म्हणजे चुनखडीतून आलेलं कॅल्शियम कार्बोनेट, नाहीतर वाळूपासून बनवलेली सिलिका. फ्लोराइडचं मूळ फ्लोरस्पार या खनिजात किंवा फॉस्फेटच्या खडकात. पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, ते इल्मेनाइट किंवा रुटाइल या खनिजांतून येतं. ट्यूब प्लास्टिकची, म्हणजे तेलविहिरीतली. चूळ भरायच्या आत इतक्या खाणी होऊन जातात! गुळगुळीत कागदावरचा थर केओलिनचा (पांढऱ्या मातीचा) किंवा चुनखडीचा. काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुनखडी. शेतीही यातून सुटत नाही. नत्र हवेतून घेता येतं, पण स्फुरदाचं (फॉस्फरसचं) रासायनिक खत खडक फोडूनच बनतं आणि पिकाला स्फुरदाच्या जागी दुसरं काही चालत नाही.

त्यामुळे खाण असावी की नसावी, हा वाद मला पोकळ वाटतो. कोणत्या वस्तूसाठी खणतोय, कोणाच्या जमिनीत, आणि तिथली घाण निस्तरायचा खर्च वस्तूच्या किमतीत धरलाय का, हे विचारायला हवं. आज तो खर्च खाणीशेजारचं गाव भरतं. तो आपण भरावा, वस्तू महाग झाली तरी चालेल.

नदीकाठ

असहमत. ‘तुम्ही पण वापरता ना?’ हा प्रश्न मी फार वेळा ऐकलाय आणि दर वेळी तो ज्याचं घर जातंय त्याचं तोंड बंद करायला वापरलेला पाहिलाय. धागाकर्त्यांचा हेतू तसा नसेल, पण युक्तिवाद तोच आहे. काय वापरायचं याचे पर्याय आपल्यासमोर कोणी ठेवले होते? टूथपेस्ट घेतली म्हणजे खाणीच्या करारावर सही केली, असं होत नाही.

आणि खर्च किमतीत धरायचा म्हणजे नेमका कसा? ब्राझीलमध्ये नोव्हेंबर २०१५ मध्ये मारियानाजवळ लोहखनिज काढून उरलेला गाळ साठवणारं धरण फुटलं. १९ माणसं गेली, बेंतो रॉड्रिगेस हे गाव गाडलं गेलं आणि तो लाल चिखल दोसी नदीतून थेट अटलांटिक समुद्रापर्यंत पोचला. त्याच राज्यात जानेवारी २०१९ मध्ये ब्रुमादिन्यो इथलं तसंच धरण फुटलं. २७० बळी. धरणाच्या बरोबर खाली कामगारांचं कँटीन होतं, वेळ दुपारच्या जेवणाची होती. धरण स्थिर असल्याचा दाखला कागदोपत्री होता! यातल्या कशाची किंमत लावणार तुम्ही आणि वस्तूवर किती रक्कम वाढवणार?

फेसपाणी

मी धातू वेगळे करण्याच्या कामात आहे, म्हणून हा गाळ येतो कुठून ते सांगतो. नुसत्या ‘खाण’ या शब्दातून ते डोळ्यांसमोर येत नाही.

तांब्याच्या खनिजात आज तांबं भरतं सरासरी अर्धा ते एक टक्का. म्हणजे एक टन तांब्यासाठी शंभर-दोनशे टन दगड फोडायचा, आणि तिथपर्यंत पोचायला वरचा निरुपयोगी दगड हलवायचा तो वेगळाच. सुरुंग लावून फोडलेला दगड आधी क्रशरमध्ये, मग पोलादी गोळे भरलेल्या फिरत्या पिंपात जातो. तिथे त्याचं अक्षरशः पीठ होतं. त्या पिठात पाणी आणि थोडी रसायनं घालून खालून हवा सोडतात. तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात, तेवढा फेस काढून घ्यायचा. उरतो तो गाळ, म्हणजे जवळजवळ सगळाच दगड. तो कायमचा कुठेतरी ठेवावाच लागतो.

ब्राझीलमधली ती दोन्ही धरणं ‘अपस्ट्रीम’ पद्धतीची होती. साठलेल्या गाळावरच पुढची भिंत चढवत न्यायची, ही सर्वांत स्वस्त पद्धत. चिलीने भूकंपाच्या भीतीने ती कित्येक दशकांपूर्वीच बंद केली. ब्राझीलला २०१९ उजाडावं लागलं. गाळातलं पाणी दाबून काढून तो कोरडा रचून ठेवायची पद्धत आहे, ती महाग पडते, एवढंच. म्हणून मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. गेलेल्या माणसांची किंमत लावता येत नाही, मान्य. पण ती माणसं जाऊ नयेत यासाठी लागणाऱ्या खर्चाचा आकडा असतो आणि तो काढता येतो.

पानापक्कड

तुम्ही दोघेही खड्ड्याच्या तोंडाशी उभे राहून भांडताय. वस्तू जिथे मरते तिथेही या जरा.

मी फोन दुरुस्त करतो. बॅटरी उतरली म्हणून आलेला फोन बाकी ठणठणीत असतो. पण ती काढायची तर मागची काच गरम करून, गोंद सैल करून, पातळ पट्टी आत सरकवत उचकटावी लागते. खाली बॅटरीही गोंदाने चिकटवलेली. जोर लावला तर ती वाकते, आणि वाकलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. चार स्क्रू दिले असते तर हे काम कोणीही घरी केलं असतं. बरेच जण दुरुस्तीचा खर्च ऐकतात आणि नवा फोन घेतात. जुन्या फोनमधलं कोबाल्ट, तांबं, सोनं ड्रॉवरच्या कोपऱ्यात पडून राहतं.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला फक्त २२.३ टक्के. आधी हे सुधारा, मग नव्या खाणीचं बोला. कायदा केला तर होतं. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला की फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्यालाच काढता आल्या पाहिजेत.

नदीकाठ

पानापक्कड, +१. ‘मागणी आहे म्हणून खाण’ असं म्हणतात, तेव्हा त्यातली बरीचशी मागणी गोंद लावून तयार केलेली असते.

फेसपाणी

दुरुस्तीला विरोध कोण करेल? पण हिशेब पुरता जमत नाही. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरलं तर खनिजापासून बनवण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, त्यामुळे ते होतच असतं. अडचण वेगळीच आहे. आज भंगारात येणारं तांबं हे काही दशकांपूर्वी तारांमध्ये आणि इमारतींमध्ये घातलेलं तांबं आहे. तेव्हाचा वापर कमी होता. १९७० मध्ये जग वर्षाला साधारण ३० अब्ज टन नैसर्गिक साहित्य वापरत होतं (खनिजं, इंधन, वाळू-खडी, पिकं, लाकूड सगळं धरून), आता १०० अब्ज टनांच्या वर. जुन्यातून आजचं भागणार कसं? ज्यांच्या घरात अजून पहिली तार पोचायची आहे, त्यांना ‘भंगार येईपर्यंत थांबा’ असं मी तरी सांगू शकत नाही.

उन्हाळा

एक मुद्दा राहतोय. जग वर्षाला ८ अब्ज टनांहून जास्त कोळसा काढतं आणि तो जाळला की संपतो, पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच. बॅटरीतलं लिथियम, निकेल, कोबाल्ट जळत नाही, परत काढता येतं. शिवाय लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्यांत निकेल-कोबाल्ट लागतच नाही. सौर पॅनल आणि बॅटऱ्यांसाठीच्या खाणींना विरोध करताना कोळशाच्या खाणीही त्याच तराजूत घाला.

नदीकाठ

घातल्या. तरीही चिलीतल्या अताकामाच्या मिठागरातून खारं पाणी उपसून लिथियमसाठी वर्षभराहून जास्त काळ उन्हात आटवत ठेवतात, तेव्हा हवेत उडून जातं ते जगातल्या अत्यंत कोरड्या प्रदेशातलं पाणी. कोळसा वाईट आहे, एवढ्याने ते योग्य होत नाही.

गारगोटी

बहिष्काराची भाषा सुरू व्हायच्या आत एक उदाहरण. अमेरिकेने २०१० च्या कायद्यात कंपन्यांना सांगितलं की कथील, टँटलम, टंगस्टन, सोनं हे धातू काँगो आणि शेजारच्या देशांतून येतात का, ते जाहीर करा. सशस्त्र टोळ्यांचा पैसा तोडायचा होता. हेतू उत्तम. अनेक खरेदीदारांनी चौकशी करण्याऐवजी पूर्व काँगोतून घेणंच थांबवलं. मधल्या काळात तिथल्या सरकारनेही काही महिने हाताने खणण्यावर बंदी घातली. टोळ्यांशी संबंध नसलेल्या, कुदळ-फावड्यावर पोट असलेल्या माणसांचाही रोजगार गेला. म्हणून मी म्हणतो, पाठ फिरवू नका, जास्त पैसे द्या आणि अटी घाला.

नदीकाठ

बहिष्कार मी मागितलेलाच नाही. माझा प्रश्न साधा आहे. सगळा खर्च धरला, कोरडा गाळ रचला, चांगला मोबदला दिला, आणि तरीही गावाने ‘नाही’ म्हटलं तर?

गारगोटी

तर नाही. तिथे खणायचं नाही आणि आपण कमी वस्तूंत भागवायचं.

फेसपाणी

इथे मात्र मी तुमच्याबरोबर नाही. खनिज भूगर्भाने ठेवलंय तिथेच असतं, खाण सोयीच्या जागी हलवता येत नाही. एकाने नकार दिला की ती जाते जिथे नकार द्यायची ताकद नाही तिथे. आणि नकार टिकतो तरी किती? एल साल्वाडोरने २०१७ मध्ये धातूंच्या खाणींवर संपूर्ण बंदी घातली, सगळीकडे कौतुक झालं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्याच संसदेने ती उठवली. त्यापेक्षा कडक अटींवर होकार मिळवावा, गावाला वाटा द्यावा. बोत्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी होता. हिऱ्यांच्या खाणीत सरकारने अर्धी भागीदारी घेतली आणि त्या पैशातून शाळा, रस्ते, दवाखाने उभे राहिले.

नदीकाठ

एल साल्वाडोरची बंदी संसदेने घातली आणि संसदेनेच उठवली. मी गावाच्या मताबद्दल बोलतेय. पेरूमध्ये ताम्बोग्रांदे इथे जून २००२ मध्ये लोकांनी स्वतःच मतदान घेतलं. गावाच्या खाली सोनं आणि तांबं, भोवती लिंबू-आंब्याच्या बागा. ९० टक्क्यांहून जास्त मतं खाणीच्या विरोधात पडली. सरकारने ते मतदान बंधनकारक मानलं नाही, तरी तो प्रकल्प उभा राहिला नाही. जिथे नकार द्यायची ताकद नाही तिथे खाण जाते म्हणता ना? मग ती ताकद तिथेही कायद्याने द्या. आहे त्यांच्याकडून ती काढून का घ्यायची?