भाचीच्या ‘माझे कुटुंब’ चित्रात मी नाही, पोळ्यांच्या मावशी आहेत

गोदाकाठची आत्या
भाची दुसरीत आहे, इंदिरानगरला राहते. शाळेने ‘माझे कुटुंब’ म्हणून एक कागद दिला. छापील घर, आत चार चौकटी. पोरीने चौकटी ओलांडून सहा जण काढले : आई, बाबा, आजी, स्वतः, खालच्या मजल्यावरचा मित्र आणि पोळ्या करायला येणाऱ्या मावशी. मावशींच्या हातातलं लाटणं त्यांच्या डोक्याहून मोठं. निफाडला राहणारे आजोबा नाहीत. आणि मी, सख्खी आत्या, दर रविवारी गंगापूर रोडवरून रिक्षा करून जाणारी, मीही नाही! बाईंनी मित्रावर आणि मावशींवर लाल फुली मारली.

मला वगळल्याचा राग आहेच, पण फुलीचा जास्त आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९२० च्या दशकात जिनिव्हातल्या मुलांना ‘कुटुंब म्हणजे काय?’ हाच प्रश्न विचारला होता. लहान मुलांचं उत्तर साधारण असं, की एका घरात राहतात ते कुटुंब. रक्ताचं नातं आलं ते मोठ्या मुलांच्या उत्तरांत. मग सात वर्षांच्या मुलीचं चुकलं कुठे? कुटुंब म्हणजे काय हे शाळेने मुलांना विचारावं, शिकवू नये.

सातपूरकर
फुली बरोबर आहे. मुलांना वाटतं ते खरं धरायचं तर चंद्रसुद्धा आपल्या गाडीमागून पळतो. उद्या जत्रेत पोरगी हरवली आणि पोलिसांनी घरचे कोण विचारलं, तर खालच्या मजल्यावरच्या मित्राचं नाव सांगणार का? रक्ताची समज पुढे येते हे तुम्हीच लिहिलंय. ती आणायलाच तर शाळा असते.

आणि एक विचारतो, राग मानू नका. मावशी म्हणता, चहा कुठल्या कपात देता?

गोदाकाठची आत्या
कप वेगळा आहे. स्टीलचा, खिडकीत उपडा घातलेला असतो. वहिनीला मी आजवर एका शब्दाने बोलले नाही, हे कबूल. पण तो हिशेब आम्हा मोठ्यांचा. पोरीने तो चित्रात आणला नाही.

बागायतदार, दिंडोरी
एकत्र कुटुंबाचे गोडवे कुणी सुरू करायच्या आत सांगतो. आमच्याकडे अठरा माणसं एका चुलीवर जेवायची. पोरांना सख्खं-चुलत कळतच नव्हतं. सातबारा वेगळा झाला त्या आठवड्यात कळलं. पुतण्या सहा वर्षांचा, ओट्यावर बसून मला म्हणाला, “काका, आता तुम्ही कोणाचे?” आधीच कुणी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सातपूरकरांशी सहमत.

अंबड लिंक रोड
रक्त रक्त करताय, पण रक्तसुद्धा प्रांताप्रमाणे बदलतं. आमच्या शेजारी उत्तर प्रदेशातलं कुटुंब आहे, नवरा एमआयडीसीत कामाला. माझ्या मुलाला त्याच्या मामेबहिणीवरून घरात सगळे चिडवतात, ‘बायको आली तुझी’ म्हणून. शेजारच्या वहिनींनी ऐकलं आणि हातातला डबा तसाच धरून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे मामाची मुलगी म्हणजे बहीण, विषय संपला. आपल्याकडे चुलत आणि मावस बहीण ही बहीण, मामाची मात्र चालते. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ च्या पुस्तकात भारतातल्या नातेव्यवस्थांचे असे प्रांतोप्रांतीचे फरक मांडलेत. एका जिन्यावर खेळणाऱ्या दोन पोरांची ‘बहीण’ वेगवेगळी. बाई कुणाच्या कागदावर फुली मारणार?

(चिडवणं मलाही आवडत नाही. सासूबाई ऐकत नाहीत.)

शब्दवेडा
सगळा खेळ शब्दांचा आहे. हवाई बेटांच्या मूळ भाषेत आई, मावशी, आत्या सगळ्यांना एकच शब्द. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ लुईस हेन्री मॉर्गन यांनी १८७१ मध्ये छापलेल्या नात्यांच्या मोठ्या अभ्यासात ते आहे. म्हणजे तिथल्या मुलाला चार आया. आपल्याकडे काका, मामा, आत्या, मावशी अशी स्वतंत्र खाती, तर इंग्रजी शाळेतल्या पोरांना सगळेच अंकल-आंटी. जसा शब्द तशी समज.

निवृत्त मास्तर
साफ नामंजूर. आम्ही पाच भावंडं आमच्या आईला ‘वहिनी’ म्हणायचो, कारण घरातले सगळे काका तिला वहिनी म्हणत. वडिलांना ‘अण्णा’. म्हणून तिला भावाची बायको समजत होतो काय? ताप आला की कुणाच्या कुशीत शिरायचं हे पक्कं ठाऊक होतं. हवाईच्या पोरालाही ते ठाऊक असणारच. शब्दावरून डोक्यात काय चाललंय ते ओळखायला जाऊ नये.

शब्दवेडा
वहिनीचा मुद्दा बिनतोड आहे, मास्तर. तरी अंकल-आंटीबद्दलचं माझं म्हणणं सोडत नाही.

दुसरीची बाई
(वेगळ्या शाळेतली. वरची फुली माझी नाही, पण असू शकली असती.)
बावन्न कागद तपासायचे असतात, पालकांना टापटीप हवी असते, हात आपोआप चालतो. यंदा एकाने चौथ्या चौकटीत मामा काढला. वडील घरी नसतात हे मला माहीत होतं, म्हणून फुली मारली नाही. नंतर विचार केला, माहीत नसतं तर? चीनमध्ये लुगू सरोवराकाठी मोसुओ लोक आहेत. त्यांच्या जुन्या रीतीत मूल आईच्या घरी वाढतं, वडील त्यांच्या आईच्या घरी राहतात, रोजचं करणारा पुरुष म्हणजे मामा. तिथे हेच चित्र वर्गातलं सगळ्यात साधं चित्र ठरलं असतं. मी आता चौकटी नसलेला कोरा कागद देते. पण मागे पूर्ण नाव, आईवडिलांची नावं आणि फोन नंबर पाठ करून लिहायला लावते. जत्रेची भीती मलाही आहे, सातपूरकर.

सातपूरकर
हे चालेल. चित्राला चित्र राहू द्या, नाव-नंबर पाठ हवा. बाकी मावशी कुटुंबात नाहीत, यावर मी ठाम. त्यांच्या स्वतःच्या लेकीने चित्र काढलं तर त्यात तुमची वहिनी येईल का, तेवढं सांगा.

गोदाकाठची आत्या
नाही येणार. याला माझ्याकडे उत्तर नाही.

काल भाचीलाच विचारलं, मी का नाही गं चित्रात? म्हणाली, “तुझा दातांचा ब्रश नाहीये ना इथे.” म्हटलं, मावशींचा तरी कुठे आहे? थोडा विचार केला आणि म्हणाली, “पण त्यांची चप्पल रोज असते.”

बागायतदार, दिंडोरी
ताई, येत्या रविवारी एक जोड तिथेच विसरून या.