नव्या इलेक्ट्रिक गाडीला पीपीएफ आणि काचांना फिल्म : कोल्हापुरात काय करावे?

हिरवी पाटी :
नमस्कार मंडळी. पाडव्याच्या मुहूर्तावर घेतलेली माझी इलेक्ट्रिक गाडी आता सव्वा महिन्याची झाली आहे. रंग गडद निळा. रोज राजारामपुरीतून शिरोली एमआयडीसीला जाणे-येणे असते आणि महिन्यातून एकदा गगनबावड्यामार्गे कणकवलीला सासरी. महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे रस्त्यावर सुटी खडी असते, त्यामुळे एवढ्यातच बॉनेटच्या पुढच्या कडेला तांदळाच्या कणीएवढे दोन टवके उडाले आहेत. शोरूममध्ये पूर्ण बॉडीला पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, आणि सगळ्या काचांना उष्णतारोधक फिल्म असे पॅकेज सांगितले होते, पण आकडा ऐकून मी तेव्हा गप्प बसलो. आता बाहेरचे एक दुकान तेच काम एक लाख दहा हजारांत करून देतो म्हणते. पूर्ण गाडी करावी की फक्त पुढचा भाग, सेन्सर आणि चार्जिंगच्या जागेला काही बाधा येते का, आणि काचांच्या फिल्मने एसीचा भार कमी होऊन रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी जाते ते अंतर, खरोखर वाढते का, हे जाणकारांनी सांगावे. काचांना फिल्म म्हटल्यावर पोलिसांचा प्रश्न वेगळा आहेच.

उद्यमनगरी :
मी नऊ वर्षे हेच काम केले आणि आता सोडले आहे, त्यामुळे कोणाची तळी उचलण्याचे मला कारण नाही. फिल्म कोणत्या कंपनीची हे विचारण्याआधी ती कशाची आहे हे विचारा. टीपीयू, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची फिल्म ताणली जाते, बंपरच्या वळणावर नीट बसते, आणि तिच्या वरच्या थरावरचे बारीक ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने भरून येतात. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन असते. पीव्हीसीची फिल्म स्वस्त पडते, पण ती लवकर पिवळी पडते, कडक होते आणि काढायच्या वेळी तुकड्यातुकड्यांनी निघून माणसाचा जीव काढते. ‘सेल्फ हीलिंग’ या शब्दाला मात्र भुलू नका. फडक्याने पुसताना पडलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे नाहीसे होतात, कोणी किल्लीने ओढलेली रेघ नाही.

तुमचा रस्ता पाहता मी पूर्ण गाडी करणार नाही. बॉनेट, पुढचा बंपर, दोन्ही फेंडर, आरशांची पाठ, दारांखालची पट्टी आणि मागच्या चाकाच्या अगदी पुढचा पत्रा एवढे पुरे. दारांखालच्या पट्टीकडे लोक दुर्लक्ष करतात, पण पुढच्या चाकाने उडवलेली खडी नेमकी तिथेच बसते. छत आणि डिकी दगड खात नाहीत. उसाच्या ट्रॉलीमागे अडकल्यावर वरून कांडके पडलेच तर तो डेंट असतो आणि डेंट फिल्मने थांबत नाही.

टवके मात्र आधी भरून घ्या. फिल्मखाली ते झाकले जात नाहीत, उलट त्यावर हवेचा ठिपका राहून जास्तच डोळ्यांत येतात. ब्रशने टच-अप केला असेल तर तो चांगला वाळू द्यावा, आणि अख्खे बॉनेट रंगवले तर फिल्मसाठी महिनाभर थांबावे, कारण ताज्या रंगातून वाफा निघत राहतात.

आता शिरोलीची गोष्ट. दिवसभर तिथे उभ्या राहणाऱ्या गाडीच्या रंगात फौंड्रीच्या धुळीतले लोखंडाचे कण रुतून बसतात. गाडी धुऊन पुसल्यावर हाताला प्लॅस्टिकची पातळ पिशवी गुंडाळून बॉनेटवरून तळवा फिरवून पाहा, वाळूच्या कागदासारखी खरखर लागेल. आयर्न रिमूव्हर, म्हणजे हे लोखंड विरघळवणारे रसायन, मारल्यावर या कणांचे जांभळे ओघळ येतात. पांढऱ्या गाडीवर ते पाहून गिऱ्हाईक घाबरते, तुमच्यासारख्या गडद निळ्या गाडीवर ते फारसे दिसतच नाहीत आणि म्हणून ही पायरी गुपचूप गाळली जाते. कण तसेच राहिले तर पारदर्शक फिल्मखाली कायमचे बंद होतात. त्या दिवशी स्वतः दुकानात जाऊन उभे राहा.

कागल-कोल्हापूर :
वरच्या प्रतिसादात एक भर घालतो, कारण ही चूक मी पैसे देऊन शिकलो आहे. दुकानाने माझ्या गाडीला फिल्म लावून ती जागेवरच ब्लेडने कापली. आठ महिन्यांनी बंपरला घासले म्हणून त्या भागाची फिल्म काढली, तेव्हा हेडलाइटच्या कडेने क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, केसासारखी बारीक रेघ सापडली, वीतभर लांब. आता ती पॉलिशने जात नाही. दुकानाचे म्हणणे, रेघ आधीपासूनच होती. तेव्हा तुमच्या मॉडेलचा नमुना संगणकावरून प्लॉटरने, म्हणजे फिल्म कापायच्या यंत्राने, आधीच कापतात की पत्र्यावर ब्लेड चालवतात, हे पहिल्या भेटीतच विचारा. हाताने कापणारे सगळेच वाईट असतात असे मी म्हणत नाही, पण ज्याचा हात आपण पाहिलेला नाही त्याच्या ब्लेडखाली नवी गाडी का द्यावी?

दुसरे म्हणजे पाणी. काचेची फिल्म साबणाचे पाणी मारून लावतात आणि ते पाणी सगळे खाली उतरते, म्हणजे दारातल्या स्विचांकडे, स्पीकरकडे आणि पुढच्या काचेला फिल्म लावत असतील तर डॅशबोर्डखाली. माझ्या गाडीचा स्क्रीन त्यानंतर दोन दिवस मध्येच बंद पडत होता. टॉवेल अंथरल्याशिवाय पाण्याला हात लावू देऊ नका.

काळा कोट :
काचांविषयी लोक अर्धवट ऐकून बोलतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात काचेवर नंतर चिकटवलेल्या काळ्या फिल्मवर, तिची पारदर्शकता कितीही असली तरी, बंदी घातली. पुढे या नियमात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आला आणि त्यात आतून प्लॅस्टिकचा थर असलेली काचही बसते. या दुरुस्तीच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ठरवले की ७० आणि ५० च्या मर्यादेत राहणाऱ्या फिल्मसाठी वाहनधारकाला दंड करता येणार नाही. मात्र तो निकाल आपल्या राज्यातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, आणि दाभोळकर कॉर्नरला गाडी थांबवणारा हवालदार केरळचा निकाल वाचत बसणार नाही, हेही लक्षात घ्यावे.

याहून महत्त्वाचा आहे तो हिशोब. फिल्मच्या डब्यावरचा आकडा फक्त फिल्मचा असतो. बाजूच्या काचेतून मुळात ७५ टक्के प्रकाश जात असेल आणि तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म लावली, तर दोन्ही मिळून साडेबावन्न टक्के उरतात, म्हणजे मर्यादेच्या अगदी उंबरठ्यावर. पुढच्या काचेतून ८० टक्के जात असेल तर ९० टक्क्यांच्या फिल्मनेही आकडा ७२ वर येतो. म्हणून पुढच्या काचेच्या नादी लागू नये असे माझे मत आहे. शिवाय तिथला फास्टॅग काढला तर फाटून निकामी होतो.

पीपीएफचे तसे नाही. पारदर्शक फिल्मने रंग बदलत नाही. रंगीत फिल्म लावून गाडीचा रंग बदलला तर मात्र आरसी बुकात त्याची नोंद एमएच-०९ च्या, म्हणजे कोल्हापूरच्या आरटीओ कार्यालयात करून घ्यावी लागते.

घाटमाथा :
रेंजचा प्रश्न तसाच राहिला आहे. दुकानात दिव्यासमोर काच धरून आपला हात तिच्यामागे ठेवायला सांगतात आणि हाताला ऊब लागत नाही, तो प्रयोग आपण सर्वांनी पाहिला असेल. त्या दिव्याची जवळजवळ सगळी ऊर्जा अवरक्त किरणांची असते. उन्हाच्या ऊर्जेत मात्र अवरक्त भाग साधारण निम्माच असतो, बाकीचा बहुतेक भाग डोळ्यांना दिसणारा प्रकाश. त्यामुळे ‘इन्फ्रारेड ९० टक्के अडवते’ हा आकडा बाजूला ठेवून एकूण सौर ऊर्जा किती अडवते तेवढेच विचारावे.

आता समजा, फिल्ममुळे एसीचे सरासरी २०० वॅट वाचले. तासाभरात ०.२ युनिट. गाडी एका युनिटला सात किलोमीटर जात असेल तर वाढले किती? दीड किलोमीटरही नाही. त्यापेक्षा सकाळी निघण्याआधी गाडी चार्जरला असतानाच मोबाइलवरून एसी सुरू करून आतली हवा गार करून घ्या. तो खर्च घरच्या विजेवर पडतो, बॅटरीवर नाही. फिल्मने मांडीवर येणारे ऊन सुसह्य होते हे खरे, पण रेंजसाठी ती लावणे म्हणजे वजन घटवायला केस कापणे झाले.

उद्यमनगरी :
सेन्सरचे राहिले होते. पार्किंग सेन्सरच्या तोंडावर फिल्म नको, गोल कापून तेवढी जागा मोकळी सोडायला सांगा, नाहीतर समोर कोणी नसतानाही गाडी ओरडत राहील. पुढच्या काचेमागच्या कॅमेऱ्यासमोर कोणतीच फिल्म नको. बंपरमागे रडार असेल तर त्याच्यासमोर धातूचा अंश असलेली किंवा रंगीत फिल्म लावू नये आणि एकावर एक दोन थर देऊ नयेत.

चार्जिंगच्या झाकणाला मात्र जरूर लावा. रात्री अंधारात चार्जरची गन लावताना ती आधी झाकणाच्या कडेवर आपटते, आणि केबल खालच्या पत्र्यावर घासत राहते. वर्षभराने गाडीचा बाकी रंग नवा आणि तेवढाच वीतभर भाग जुना दिसतो. उरलेल्या तुकड्यातही हे काम होते, म्हणून त्याचे वेगळे पैसे देऊ नका. फक्त आतल्या रबरावर आणि पाणी निघायच्या भोकावर फिल्म येता कामा नये.

हिरवी पाटी :
सर्वांचे मनापासून आभार. काल तीन दुकाने फिरलो. एकाने प्लॉटर दाखवला, पण तो चालू करून दाखवा म्हटल्यावर माणूस गावाला गेलाय असे उत्तर मिळाले. दुसऱ्याने तिथेच एका गाडीचा फेंडर कापून दाखवला आणि मी सांगितलेल्या भागांचे, झाकणासकट, बेचाळीस हजार सांगितले. काचांचा विचार सोडून दिला आहे. पिशवी घालून हात फिरवून पाहिला, उद्यमनगरी साहेब, आणि बायकोलाही फिरवायला लावला. ती म्हणाली, एका महिन्यात गाडीची ही गत?

उद्यमनगरी :
घाबरू नका, ते निघते. काम पावसाच्या आत उरकून घ्या, कारण दमट हवेत कडा चिकटायला वेळ लागतो. पहिले आठ दिवस गाडी धुऊ नका, कणकवलीही नको. कुठे कड उचललेली दिसली तर नखाने दाबत न बसता तशीच गाडी त्याच्या दारात नेऊन उभी करा.