आखूड नळीचे स्टेनलेस रिव्हॉल्व्हर जुन्यात घ्यावे काय?

लष्करवासी (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे आत्मसंरक्षणाचा परवाना आहे आणि रिव्हॉल्व्हरची जागा अजून रिकामी आहे. मुलाने कानपूरच्या कारखान्याचे नवे 'प्रबल' रिव्हॉल्व्हर घ्यावे असा आग्रह धरला आहे. परंतु इथल्या महाराज बाडा चौकापासून जवळच्या एका दुकानात एका दिवंगत गृहस्थांच्या घरून विक्रीस आलेले स्मिथ अँड वेसन मॉडेल ६६ पाहिले आणि मन तिथेच अडकले. नळी अडीच इंची आहे, अंग पूर्ण स्टेनलेसचे आहे आणि मुठीचे लाकूड हाताळून हाताळून काळपट झाले आहे. बोअर (नळीच्या आतला व्यास, इंचात) .३५७ आहे आणि माझ्या परवान्यात तो बसतो, याची शस्त्रशाखेत खात्री करून घेतली आहे. दुकानदार किंमत भरमसाट सांगतो, आणि "स्टेनलेस आहे, म्हणजे बघायचे काय त्यात" असे म्हणून तपासणीचा विषय टाळतो. जाणकारांनी सांगावे की अशा वस्तूत नेमके काय पाहावे.

जुना फौजी (इंदूर)

पाहण्यासारखे पुष्कळ आहे. स्टेनलेसची रिव्हॉल्व्हर नियमित उत्पादनात आली ती याच कंपनीच्या मॉडेल ६० पासून, १९६५ साली. ६६ हे त्यानंतरच्या दशकातले आहे. स्टेनलेस म्हणजे गंज लागतच नाही असे नव्हे, तर तो उशिरा लागतो. पोलादातील क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक पातळ थर तयार होतो आणि तोच संरक्षण करतो. काळ्या पॉलिशच्या शस्त्रावर ओरखडा पडला की तो कायमचा राहतो, स्टेनलेसवरचा मात्र घासून घालवता येतो. म्हणून फार चकचकीत दिसणारा नग पाहिला की मला उलट शंका येते, कारण कोणी काय घासून लपवले ते कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. सिलिंडर (काडतुसांची सहा घरे असलेले फिरते नळकांडे) बाहेर काढून नळीच्या मागच्या तोंडाकडे टॉर्च मारून पाहा. या जुन्या ६६ मध्ये नळीच्या मागच्या टोकाचा खालचा भाग सपाट घासलेला असतो, कारण सिलिंडरच्या कांडीला तिथे जागा करून द्यावी लागली. त्यामुळे नेमक्या त्याच ठिकाणी धातू पातळ राहतो, आणि हलक्या गोळीची जोरकस मॅग्नम (.३५७ ची जास्त ताकदीची) काडतुसे पुष्कळ उडवलेली असतील तर तिथे केसाएवढी चीर पडते. चीर दिसली तर किंमत निम्मी केली तरी घेऊ नये. त्यानंतर रिकाम्या शस्त्राचा (रिकामे आहे हे स्वतः दोनदा पाहून) घोडा (मागचा हातोडा) हळूहळू मागे ओढत सहाही घरे तपासावीत. घोडा पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर प्रत्येक घरी घट्ट बसलाच पाहिजे. नळी आणि सिलिंडर यांमधील फट गॅरेजमधल्या फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी, ०.१५ मिलिमीटरच्या आसपास असावी, पाव मिलिमीटर झाली तर ती फार आहे.

मुरारची सून

काकांनी लोखंडाचे सांगितले, मी काडतुसांचे सांगते. परदेशी लेखांत या रिव्हॉल्व्हरचे जे गोडवे वाचायला मिळतात, त्यांचा अर्धा आधार असा की .३५७ मध्ये .३८ स्पेशलचे स्वस्त, सौम्य काडतूसही चालते. सराव त्याने करायचा आणि मॅग्नम राखून ठेवायचे. आपल्याकडे .३८ हा सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर आहे, त्यामुळे ती वाटच बंद. .३५७ चे काडतूस महाग, आणि दुकानात असेलच असे नाही. याउलट .३२ चे काडतूस आपल्या खडकीच्या कारखान्यात तयार होते. 'प्रबल'ही .३२ चेच, नळी ७६ मिलिमीटर, वजन सुमारे ७०० ग्रॅम आणि सिलिंडर बाजूला उघडणारा; कानपूरचे जुने रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडावे लागते. शोकेसमध्ये ठेवायचे असेल तर ६६ घ्या, चालवायचे असेल तर मुलाचे ऐका.

एका गोष्टीत मात्र स्टेनलेसच्या बाजूने माझे मत पडते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की आपल्या भागात शस्त्रे जमा करावी लागतात. सासऱ्यांचे काळे वेब्ली (इंग्रजी बनावटीचे रिव्हॉल्व्हर) एकदा पावसाळ्यात जमा झाले आणि परत आले तेव्हा नळीवर तांबूस ठिपके होते. ते आजही आहेत.

जुना फौजी (इंदूर)

वहिनींचे म्हणणे खरे आहे, ते मी विसरलोच होतो. आणखी एक, कागदपत्रे शस्त्रापेक्षा आधी पाहावीत. नगावरचा क्रमांक मूळ परवान्याशी आणि दुकानाच्या रजिस्टरशी अक्षरशः जुळला पाहिजे. व्यवहार परस्पर करत असाल तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबणे कायद्याने आवश्यक आहे. २०१९ पासून एका परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, तेव्हा एक जागा विचार करून भरा.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

पाच महिन्यांनी लिहीत आहे, क्षमस्व. कम्पूतल्या एका मेकॅनिककडून फीलर गेज आणले तेव्हा दुकानदाराने भुवया उंचावल्या, पण हात लावू दिला. नळीचे तोंड स्वच्छ निघाले, सहाही घरे वेळेवर बसली, फट बरोबर होती. मुठीच्या डाव्या फळीखाली मात्र खरोखरच गंजाची एक रेघ होती, बहुधा घामाची. ती दाखवून थोडी किंमत उतरवली आणि मुलाचा रोष पत्करून मी ६६ च घेतले. वहिनींना काडतुसांबद्दल मी हरलो हे मान्य आहे. मोठ्या खटपटीने बारा मिळाली. त्यांपैकी सहा परवानगी असलेल्या रेंजवर चालवली. अडीच इंची नळीत दारू पुरती जळत नाही, त्यामुळे दिवसाउजेडीही समोर नारिंगी गोळा दिसतो आणि कानांवर संरक्षक असूनही छातीत धक्का जाणवतो. सहापैकी चार गोळ्या कागदावर लागल्या. पुतण्याने लग्नाच्या वरातीत "एक तरी उडवा" म्हटले, त्याला हर्षफायरिंगची दोन वर्षांपर्यंतची शिक्षा समजावून सांगावी लागली.

बाकी आनंद म्हणजे रविवारी जुन्या धोतराच्या तुकड्याला तेल लावून ते पुसत बसणे, इतकाच आहे. गेल्या दोन रविवारी तोही नाही. आचारसंहिता लागली आहे, रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा आहे आणि कपाटात त्याची पावती आहे.