कुवेशीचा कॅनोपी वॉक: पुलावर जरा थांबा

कॅनोपी वॉक म्हणजे झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून जाणारा झुलता पूल. कुणीतरी म्हणतं की असे पूल फक्त फोटोपुरते, पाच मिनिटांत बघून होतात. चालत सुटलात तर होतातच!

आम्ही सोलापूरहून विजापूरमार्गे हुबळी आणि तिथून कर्नाटकातल्याच कॅसलरॉकला गेलो. कुवेशी जवळच, काळी व्याघ्र प्रकल्पात (2015 पर्यंत याचं नाव दांडेली-अणशी होतं). आमच्याकडे बाभूळ, बोर आणि नान्नजचं माळरान. झाड म्हणजे मान वर करून बघायची गोष्ट, एवढंच माहीत. इथे शेंडे डोळ्यांसमोर येतात.

पूल हलतो. आई आधी घाबरली, मग दोर धरून स्तब्ध उभी राहिली आणि तिलाच शेकरू दिसलं. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं, घरटंही उंच फांद्यांत बांधतं. एका झेपेत सहा मीटरपर्यंत जातं म्हणे पुस्तकात, पण समोर बघितल्यावर छाती धडधडली. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि आईने तो सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला.

सकाळी लवकर जा, गडद कपडे घाला. आणि कृपा करून स्पीकरवर गाणी लावू नका, धनेश पक्षी लगेच उडून जातात.