सायडर 1.020 वर अडकलंय, बाटल्या भरू का?

मृण्मयी_लीड्स
नमस्कार मंडळी. पहिलीच खेप आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. नवऱ्याच्या वाढदिवसाला सायडरचं, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या मद्याचं, किट आणलं. झाकणाची मोठी बादली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी झडप), हायड्रोमीटर (रसाची घनता दाखवणारा; साखर आंबत जाईल तसा आकडा उतरतो), सायफनची नळी, सफरचंदाच्या घट्ट रसाची पिशवी आणि यीस्टची पुडी. 2 नोव्हेंबरला सगळं निर्जंतुक केलं, रस कोमट पाण्यात कालवला, सांगितल्याप्रमाणे 1 किलो साखर घातली आणि 23 लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरलं. हायड्रोमीटर 1.046. दुसऱ्या दिवशी सकाळी एअरलॉक इतका बुडबुडत होता की लेक शाळेचं दप्तर पाठीला लावून त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

आज दहावा दिवस. गेले तीन दिवस आकडा 1.020 वरून हलत नाही, बुडबुडे जवळपास थांबलेत आणि झाकणाशी नाक नेलं की कुजक्या अंड्याचा वास येतो. खोक्यावर म्हटलंय, सात दिवसांनी बाटल्या भरा. भरू का? की ओतून द्यावं लागेल? ओतायला जीव धजत नाही.

टाँटनकर
ताई, ओतू नका आणि बाटल्याही भरू नका. बादली कुठे ठेवली आहे?

मृण्मयी_लीड्स
स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, फरशीवर. हीटिंग रात्री दहाला बंद होतं. आत्ता तिथे थर्मामीटर ठेवून पाहिला, 14 अंश.

टाँटनकर
मग दुखणं तिथेच आहे. थंडीत दही लागत नाही तेव्हा आपण पातेलं शालीत गुंडाळतो ना, तसंच करायचं. यीस्ट मेलेलं नाही, गारठून तळाशी बसलंय. बादली फरशीवरून उचलून पाटावर ठेवा, भोवती जुनं ब्लँकेट लपेटा आणि 20 अंशांच्या आसपास ऊब राहील असं बघा. झाकण न काढता बादली हलकेच गोल फिरवा, म्हणजे साका थोडा वर येईल. पळीने ढवळू मात्र नका. या टप्प्यावर हवा मिसळली तर चव उतरते.

वासाने घाबरू नका. सफरचंदाच्या रसात नायट्रोजन कमी असतो. यीस्टची उपासमार झाली की ते हायड्रोजन सल्फाइड सोडतं. आंबणं पुन्हा सुरू झालं की वायूबरोबर हा वास बहुतेक वेळा निघून जातो.

आता बाटल्यांचं, आणि हे कळकळीने सांगतो. सायडर फसफसायला लिटरला 5-6 ग्रॅम साखर पुरते. तुमच्या बादलीत अजून लिटरला चाळीसेक ग्रॅम शिल्लक आहे. ते काचेत बंद केलंत तर बाटल्या फुटतील. पहिल्या वर्षी मीही खोक्यावरचे दिवस मोजून बाटल्या भरल्या होत्या. रात्री शेडमध्ये एक फुटली. सकाळी पाहिलं तर बोटभर लांब काच समोरच्या फळीत रुतली होती. दिवसा ती मुलांच्या खेळायची जागा. तेव्हापासून मी कॅलेंडर बघत नाही आणि बुडबुडेही मोजत नाही. हायड्रोमीटरवर तीन दिवसांच्या अंतराने तोच आकडा आला आणि तो 1.005 च्या खाली असला, तरच भरायचं.

कोरा_चहा
टाँटनकरांशी सहमत. हायड्रोमीटर नळीत सोडल्यावर बोटांनी गर्रकन फिरवा. त्याला बुडबुडे चिकटून राहिले की तो वर उचलला जातो आणि आकडा जास्त दिसतो.

किटचं सायडर चवीला थोडं पाणचट लागतं, कारण त्यात कडवट-तुरट सफरचंदं नसतात. सॉमरसेटच्या किंग्स्टन ब्लॅक जातीच्या सफरचंदात जो तुरटपणा असतो, तो टॅनिनचा. शेवटी दोन कप कडक कोरा चहा उकळून, गार करून घाला. फरक जाणवेल.

सातारकर_78
साताऱ्यात असं किट मागवून करता येईल का?

टाँटनकर
नको. इथे इंग्लंडमध्ये घरी पिण्यापुरतं करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे.

मृण्मयी_लीड्स
कळवायला उशीर झाला. पाटावर ठेवून नवऱ्याची जुनी रजई गुंडाळली आणि दुसऱ्याच दिवशी एअरलॉक पुन्हा बोलू लागला. 20 नोव्हेंबरला 1.006, 25 ला 1.002, 28 लाही 1.002. म्हणजे अल्कोहोल साधारण 5.8 टक्के. वास पूर्ण गेला. चहाही घातला. काच टाळून सोड्याच्या अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या घेतल्या, प्रत्येकीत सपाट अर्धा चमचा साखर. लेक रोज शाळेतून आली की एक-एक बाटली दाबून बघते. काल म्हणाली, आता दबतच नाहीत, म्हणजे आत वायू भरलाय. आज दुपारी सगळ्या उचलून गार जागी नेल्या.