दशमूलारिष्ट चालते, मग ग्लासभर वाइन का नाही?

प्रश्न (साडेतीन महिन्यांच्या बाळाची आई, पुणे):
बाळंतपणापासून सासूबाई मला दोन्ही जेवणांनंतर चार चमचे दशमूलारिष्ट तेवढ्याच कोमट पाण्यात घालून देतात. परवा सहज बाटली हातात घेतली, तर लेबलवर बारीक अक्षरांत अल्कोहोलची टक्केवारी छापलेली दिसली. पुढच्या महिन्यात दिराचे लग्न आहे. आदल्या रात्रीच्या पार्टीत ग्लासभर वाइन घ्यावी असे मनात आहे, परंतु बाळ पूर्णपणे अंगावर पिते. नंतर दूध पिळून टाकले तर चालेल का? घरी विचारले तर विषय बाळाच्या पोटावरून माझ्या संस्कारांवर जाईल, म्हणून येथे विचारते.

उत्तर (बालरोग विभागात काम केलेली परिचारिका):
मुळीच न घेणे सर्वांत सुरक्षित, हे आधी सांगते. दुधातील अल्कोहोलचे प्रमाण साधारणपणे रक्तातल्याइतकेच असते. प्यायल्यानंतर अर्ध्या ते एका तासात ते सर्वाधिक होते आणि रक्तातले उतरले की दुधातलेही आपोआप उतरते. त्यामुळे दूध पिळून टाकल्याने काहीही लवकर होत नाही. छाती दाटून दुखू लागली तरच पिळावे. दीडशे मिली वाइनमध्ये (१२ टक्के) सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असते. तेवढ्यासाठी किमान दोन तास थांबायला सांगतात. मी तीन तास सांगेन. अरिष्टात आठ टक्के धरले, तरी चार चमच्यांत, म्हणजे २० मिलीत, जेमतेम सव्वा ग्रॅम येते. दोन्ही एका तागडीत घालू नका. बाळ तीन महिन्यांच्या आतले असते, तर मी वाइनला सरळ नाही म्हटले असते, कारण इतक्या लहान बाळाच्या शरीरात अल्कोहोलचा निचरा फार हळू होतो.

उत्तर (दोन मुलांची आई):
मला तर बिअरने दूध वाढते असे सांगून दिली होती. घेतली, आणि त्या रात्री बाळ स्तनाला लागून सोडत होते, पुन्हा लागत होते, रडत होते. तेव्हा कारण कळले नाही.

उत्तर (तीच परिचारिका):
कारण पान्हाच अडला असणार. बार्लीने दूध तयार करणाऱ्या संप्रेरकाला थोडी चालना मिळते असे म्हणतात, परंतु पान्हा फुटण्यासाठी लागणारे ऑक्सिटोसिन अल्कोहोलमुळे दबते, आणि पुढचे काही तास बाळाला नेहमीपेक्षा कमी दूध मिळते. शिवाय आपल्याकडची ६५० मिलीची स्ट्राँग बिअर आठ टक्क्यांची असेल, तर एका बाटलीत वाइनच्या जवळपास तीन ग्लासांइतके अल्कोहोल असते, हे ‘एकच बिअर’ म्हणणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. दुधापेक्षाही मला भीती वाटते ती कुशीची: प्यायलेल्या आईने किंवा बापाने बाळाला त्या रात्री आपल्या अंथरुणात अजिबात घेऊ नये.

मूळ प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. बाळाला पोटभर पाजूनच ग्लास हातात घेईन, तोही जेवणासोबत आणि एकच. आदल्या दिवशी काढून फ्रिजमध्ये ठेवलेले दूध सासूबाई वाटी-चमच्याने पाजतील आणि पाळणा त्यांच्या खोलीत राहील. म्हणजे त्यांना सांगावे लागणारच.